ख्रिस्त खरोखर होऊन गेला काय?

नगरच्या कापडबाजारातील अथवा आडतेबाजारातील कोणत्याही पेढीवर जावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तेथे नव्या वहीची पूजा होते, तिच्या पहिल्या पानावर श्रीगणेशाचे नाव घातले जाते, मिती व संवत् लिहिला जातो. परंतु दुसऱ्या दिवशी उजाडताच तोच व्यापारी बिलावर, पावतीवर आणि बँकेच्या कागदावर जो सन घालतो तो इसवी असतो. ‘इसवी’ म्हणजे इसाचा. म्हणजे ज्याच्या जन्मावरून हा सन मोजला जातो त्या पुरुषाची साक्ष हिंदू, मुसलमान, जैन, पारशी असे सर्वच लोक प्रत्येक व्यवहारात नकळत काढीत असतात. आता, हा पुरुष मुळात होऊन गेला काय, असा प्रश्न कोणी विचारला तर पुष्कळांस तो थट्टेचा वाटेल, कित्येकांस पाखंडाचा वाटेल, आणि काही थोड्यांस शेजाऱ्यास चिडविण्याचे एक सोयीचे हत्यार सापडल्याचा आनंद होईल. आमच्या मते हा प्रश्न यांपैकी कोणत्याही प्रकारचा नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे. आणि इतिहासाच्या प्रश्नास इतिहासाच्या रीतीनेच उत्तर दिले पाहिजे.

ह्या प्रश्नाचा ऊहापोह नगरच्या वाचकांपुढे करण्यास विशेष कारण आहे. ज्या जिल्ह्यास आता सरकारी दप्तरात अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, तो महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा एक जुना गड होय. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस येथे ठाणे दिले. १८३९ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्या ब्राह्मणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आज करता येणार नाही. त्याच साली सिंथिया फरार ह्या बाई मुंबईहून येथे आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र याच शहरात निघाले. पुढे १८७६ च्या व १८९९ च्या दुष्काळांनंतर गावोगावच्या महार-मांग बांधवांनी मोठ्या संख्येने तो धर्म स्वीकारला. याप्रमाणे ख्रिस्त हा नगरास परका पाहुणा राहिलेला नाही. त्याच्याविषयी येथे जे बोलले जाते ते यरुशलेमात ऐकू जात नाही. ते शेजारच्या आळीत ऐकू जाते.

महाराष्ट्रात ह्या विषयावर वाद झाले नाहीत असे नाही; उलट वाद पुष्कळ झाले. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांनी जाहीर वाद केला व ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्यास पाद्र्यांशी वाद घातला, तो ऐकावयास लोकांच्या झुंडी लोटत. पण ह्या सर्व वादांत एक उणीव होती. मिशनऱ्यांनी आमच्या पुराणांतील कथा घेऊन त्यांची चिरफाड करावी, कृष्णाच्या लीलांवर कोरडे ओढावे. आणि आमच्या पक्षाने उलट मारियेच्या कौमार्यावर व पाण्याचा द्राक्षारस करण्यावर तसेच कोरडे ओढावे, असा तो क्रम चालत असे. प्रत्येकाच्या हातात दोन मापे होती. एक घेण्याचे व एक देण्याचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा! अशा मापाने धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्यास बाजारात कोणी उभे करीत नाही. धर्माच्या बाजारात मात्र हा व्यापार शंभर वर्षे बिनदिक्कत चालला.

ख्रिस्ताच्या अस्तित्वाविषयी पहिली शंका आमच्याकडील कोणी काढली नाही, ती ख्रिस्ती देशांतच निघाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सात व्होल्ने व द्युपुई यांनी ख्रिस्तकथा ही सूर्यकथेचे रूपांतर असल्याचे प्रतिपादिले. १८३५ साली जर्मनीत स्ट्राउस यांनी शुभवर्तमानांतील पुष्कळसा भाग दंतकथात्मक आहे असे दाखविले, मात्र त्यांनी ख्रिस्ताचे अस्तित्व नाकारले नाही. ब्रूनो बाउअर त्याही पुढे गेले. १९०९ साली आर्थर ड्रेव्ज यांनी ‘ख्रिस्तकथा’ नावाचा ग्रंथ लिहून ख्रिस्त मुळीच झाला नाही असा पक्ष मांडला, त्यावर जर्मनीत मोठमोठ्या सभा भरल्या. ह्या लोकांना तेथे शिव्याशाप मिळाले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पण त्यांच्या ग्रंथांस ग्रंथांनीच उत्तरे दिली गेली. त्या शंभर-दीडशे वर्षांच्या घुसळणीतून जे लोणी निघाले ते आज सर्वांपुढे आहे. ते काय आहे हे पाहण्यापूर्वी पुरावा कसा तोलावा हे ठरविले पाहिजे.

पुरावा तोलण्याची विद्या आमच्या व्यापारी वाचकांस शिकविण्याची गरज नाही. ते ती रोज वापरतात. एखाद्या देण्याघेण्याचा तंटा पडला म्हणजे चतुर पंच काय करतो? सावकाराने स्वतःच्या वहीत स्वतःच्या लाभाची जी नोंद केली आहे तीस तो थोडे वजन देतो. त्याच वहीत सावकाराने स्वतःच्या तोट्याची नोंद केली असेल तर तीस अधिक वजन देतो. कारण कोणी मनुष्य विनाकारण आपल्या अंगावर कर्ज लिहून घेत नाही. आणि ज्याचा सावकाराशी उभा दावा आहे अशा त्रयस्थाच्या अगर वैऱ्याच्या रोजकीर्दीत तोच व्यवहार नोंदलेला सापडला, तर मात्र पंच मान डोलावतो. वहीत कोठे खाडाखोड दिसली तर ती ओळ तो बाजूस सारतो, पण तेवढ्यासाठी सगळी वही चुलीत घालीत नाही. हीच मापे आपण ख्रिस्ताच्या प्रकरणी लावून पाहू.

प्रथम वैऱ्यांच्या वह्या पाहू. टॅसिटस हा रोमन इतिहासकार. इसवी सन ११६ च्या सुमारास लिहिताना त्याने ६४ सालच्या रोमच्या आगीचे व नीरोने ख्रिस्ती लोकांच्या केलेल्या छळाचे वर्णन केले आहे. तेथे तो सांगतो की, ह्या पंथाचे नाव ज्यावरून पडले त्या ख्रिस्तास टायबेरियस बादशहाच्या अमदानीत पाँटियस पिलात ह्या अंमलदाराने देहान्त शिक्षा दिली. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. त्यांच्या धर्मास तो घातक खूळ समजतो. अशा मनुष्याने ख्रिस्ती लोकांच्या सोयीसाठी एक कल्पित पुरुष आपल्या इतिहासात घुसडला असेल हे संभवत नाही. दुसरा साक्षीदार धाकटा प्लिनी. तो ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील एका प्रांताचा सुभेदार असता ट्राजन बादशहास कळवितो की, हे लोक पहाटे जमून ख्रिस्तास देव मानून स्तोत्रे गातात. ही साक्ष पंथाविषयी आहे, पुरुषाविषयी नाही. म्हणून तिचे वजन बेताचेच धरावे.

तिसरा साक्षीदार सर्वांत महत्त्वाचा. योसेफस हा यहुदी इतिहासकार सन ३७ मध्ये जन्मला. म्हणजे ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर अवघ्या काही वर्षांनी. त्याने ९३-९४ च्या सुमारास यहुदी लोकांचा विस्तृत इतिहास लिहिला. त्याच्या अठराव्या भागात ख्रिस्ताची स्तुती करणारा एक उतारा आहे. तो जसाच्या तसा खरा मानता येत नाही. ज्या यहुद्याने ख्रिस्तास कधी मसीहा मानले नाही तो असे लिहिणार नाही; पुढील ख्रिस्ती नकलकारांनी तेथे हात चालविला आहे, हे आता ख्रिस्ती पंडितही कबूल करतात. ही आमची खाडाखोड झालेली ओळ. परंतु विसाव्या भागात, सन ६२ मध्ये एका मुख्य याजकाने काही लोकांस दगडमार करविल्याची हकीकत सांगताना योसेफस सहज म्हणून जातो की, त्यांत ‘ज्यास ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ हा होता. येथे ख्रिस्ताची स्तुती नाही, निंदा नाही, चमत्कार नाही. भावाची ओळख पटावी म्हणून भावाचे नाव घेतले आहे. आपल्याकडे अमक्याचा भाऊ तमका म्हणून सांगतात, तसे. काल्पनिक पुरुषास खरा भाऊ असत नाही.

आता घरच्या वह्या. पौलाची पत्रे ही ख्रिस्ती वाङ्मयात सर्वांत जुनी; ती सन ५० ते ६० च्या दरम्यानची आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आपण यरुशलेमेस जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो व प्रभूचा भाऊ याकोब यास भेटलो असे तो लिहितो. योसेफसच्या वहीतील याकोब तो हाच. दोन भिन्न पेढ्यांच्या वह्यांत एकच नाव जुळले. चार शुभवर्तमाने त्यानंतरची, साधारणतः सन ७० ते १०० च्या सुमाराची. त्यांत भक्तांच्या श्रद्धेचा रंग पुष्कळ आहे; पण त्यांतही तोट्याच्या नोंदी आहेत. यहुद्यांस हवा होता विजयी राजा; त्यांच्यापुढे शिष्यांनी मांडला तो चोरांच्या रांगेत क्रूसावर खिळलेला सुतार. नाझरेथसारख्या नगण्य खेड्याचा रहिवासी. योहानाकडून पापक्षालनाचा बाप्तिस्मा घेणारा. अंतकाळी शिष्यांनी टाकून दिलेला. कोणी मनाने देव रचावयास बसला असता तर त्याने असा देव रचला नसता. ज्या गोष्टीमुळे पंथाची मान खाली होते ती गोष्ट पंथाने लपविली नाही, याचा सरळ अर्थ ती लपविता येण्याजोगी नव्हती, सर्वांस ठाऊक होती, असाच होतो.

यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, त्या काळच्या इतर लेखकांनी ख्रिस्ताचे नावही कसे घेतले नाही? अलेक्झांड्रियाचा फायलो हा समकालीन यहुदी तत्त्वज्ञ. त्याच्या ग्रंथांत ख्रिस्त नाही. दुसरा आक्षेप असा की, शुभवर्तमानांत परस्परविरोध आहे. मत्तय म्हणतो, ख्रिस्त हेरोद राजाच्या अमदानीत जन्मला. हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक त्या जन्माची सांगड क्विरिनियसच्या खानेसुमारीशी घालतो. ती झाली इसवी सन ६ मध्ये. दोहोंत दहा वर्षांचा फरक. दोन्ही वंशावळीही जुळत नाहीत. पंचवीस डिसेंबर ही तिथी तर शुभवर्तमानांत कोठेच नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाली. आणि सहाव्या शतकात ज्या डायोनिसियस नावाच्या साधूने हा इसवी सन बसविला त्याचा हिशेबच चार-सहा वर्षांनी चुकला. म्हणजे ख्रिस्त स्वतःच्याच सनापूर्वी काही वर्षे जन्मला असला पाहिजे! हे सर्व आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांवरून निघणारे अनुमान मात्र खरे नाही. आणि ते का नाही हे समजण्यास आम्हांस पॅलेस्टाइनपर्यंत जाण्याचे कारण नाही, नेवाशापर्यंत गेले म्हणजे पुरे.

प्रवरातीरी नेवासे येथे ज्ञानेश्वरीचे निरूपण झाले, ते शके १२१२ मध्ये, असे ग्रंथातच सांगितले आहे. तो पैसाचा खांब आजही भाविक पाहतात. परंतु ज्ञानेश्वरांचा जन्मशक विचाराल तर कोणी ११९३ सांगतात, कोणी ११९७. पैठणास रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, ह्या कथा त्यांच्या चरित्रास चिकटल्या आहेत. यादवांचे राजलेख दाने व दिग्विजय नोंदवितात. खांबास टेकून प्राकृतात गीता सांगणारा, संन्याशाचा पोर म्हणून वाळीत टाकलेला तरुण त्यांत कशाला येईल? त्यांच्या ग्रंथाच्या प्रतींत पाठभेद इतके शिरले की पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथमहाराजांस प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. युरोपीय पंडित नव्या कराराच्या हस्तलिखितांवर जे कार्य करीत आले तेच हे कार्य. आमच्या नाथांनी ते पैठणास बसून केले आणि त्यात त्यांच्या भक्तीस यत्किंचितही बाध आला नाही.

इतकेच नव्हे. १८९८ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी असा पक्ष मांडला की, ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर व अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन भिन्न पुरुष होत. वारकऱ्यांत खळबळ उडाली, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. पुढील बहुतेक विद्वानांस तो पक्ष पटला नाही. पण त्या वादामुळे भाषेची, प्रतींची व कालाची जी छाननी झाली तिने ज्ञानेश्वरांची आमची ओळख वाढली, कमी झाली नाही. आता सांगा: जन्मशकांत मतभेद, चमत्कारांच्या कथा, राजदरबारचे मौन आणि प्रतींतील पाठभेद ह्या कारणांनी ज्ञानेश्वर झालेच नाहीत असे आपण म्हणतो काय? म्हणत नसू तर तीच कारणे ख्रिस्तास लागू करताना आपले माप का बदलावे? बुद्धाचीही हीच कथा. गेल्याच्या गेल्या शतकात होरेस विल्सन यांसारख्या संस्कृतज्ञाने शाक्यमुनी ही काल्पनिक व्यक्ती असू शकेल असे म्हटले. केर्न यांनी बुद्धचरित्रात सूर्यकथा पाहिली. १८९६ साली लुंबिनी येथील अशोकाच्या स्तंभावरील लेख सापडला आणि त्या शंकांचा जोर ओसरला. तो स्तंभ बुद्धानंतर दीडशे ते अडीचशे वर्षांनी उभारलेला. टॅसिटस तर ख्रिस्तानंतर नव्वद वर्षांच्या आतला आहे. पिलाताविषयीही कित्येक शंका घेत. १९६१ साली कैसरिया येथे त्याच्या नावाचा शिलालेख उकरून निघाला.

तात्पर्य, गालील प्रांतात येशू नावाचा एक यहुदी उपदेशक होऊन गेला, योहानाकडून त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि सन ३० च्या सुमारास पिलाताने त्यास क्रूसावर चढविले, इतके इतिहासाच्या तराजूत ठाम उतरते. आज ह्या विषयाचे बहुतेक सर्व अभ्यासक, मग ते ख्रिस्ती असोत, यहुदी असोत की निरीश्वरवादी असोत, हे मान्य करतात. स्वतः श्रद्धाळू नसलेले बार्ट अर्मन यांनी २०१२ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहून हाच निर्णय दिला आहे. परंतु याच तराजूत दुसरेही एक सत्य उतरते, ते आमच्या ख्रिस्ती बांधवांनी मोकळ्या मनाने ऐकावे. ख्रिस्त होऊन गेला एवढे सिद्ध झाल्याने तो कुमारीच्या पोटी जन्मला, मेलेला उठला, पाण्यावरून चालला हे सिद्ध होत नाही. रेडा वेद बोलला हे नेवाशाच्या खांबावरून सिद्ध होत नाही, तसेच हे. इतिहास पुरुषापर्यंत पोचवितो. देवापर्यंत ज्याने त्याने आपल्या पायांनी जावयाचे असते.

आता ह्या वादातील जी घरची गोष्ट आहे तिच्याकडे वळू. १९४६ साली गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. २०१६ साली ते पुन्हा छापण्यात आले. बाबारावांनी ख्रिस्ताचे अस्तित्व नाकारले नाही. त्यांनी ख्रिस्तास आपल्या घरात घेतले. ख्रिस्त हा तामिळ बोलणारा विश्वकर्मा ब्राह्मण, त्याचे नाव केशव कृष्ण, क्रूसावर तो मेला नाही व पुढे हिमालयाच्या आश्रयास येऊन राहिला, असे त्या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. बाबारावांनी देशासाठी अंदमानची काळ्या पाण्याची शिक्षा भोगली. त्यांच्या त्यागापुढे आमचे मस्तक नम्र आहे. परंतु त्याग हा एक गुण आहे आणि प्रमाण ही दुसरी वस्तू आहे. पहिल्याच्या भरवशावर दुसरीची हुंडी वटत नाही.

ह्या मताचा मोठा आधार नामसादृश्य. पण ‘ख्रिस्त’ हे त्या पुरुषाचे नावच नव्हे. हिब्रूतील ‘माशीआह’ म्हणजे अभिषिक्त, ह्या पदवीचे ते ग्रीक भाषांतर. त्याचे घरचे नाव येशुआ. त्या काळी यहुद्यांत ते अगदी सामान्य होते. ‘कृष्ण’ म्हणजे काळा आणि ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त. दोहोंत कानास लागणाऱ्या ध्वनीपलीकडे संबंध नाही. गंमत अशी की, हीच चूक पूर्वी उलट दिशेने झाली होती. लोरिन्सर नावाच्या जर्मन पंडिताने १८६९ साली भगवद्गीता ही बायबलावरून उचलली आहे असे लिहिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ साली त्याचे सप्रमाण खंडन केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या साक्षेपी पंडितासही आभीरांनी बाळकृष्णाच्या कथांबरोबर ख्रिस्ताचे नाव आणले असावे असा तर्क करण्याचा मोह झाला. परंतु जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख कोरलेला आहे, त्याच्या आरंभीच संकर्षण व वासुदेव यांस वंदन आहे; आणि तो लेख ख्रिस्तजन्मापूर्वीचा मानला जातो. म्हणजे वासुदेवाची उपासना ख्रिस्तावरून आली नाही, हे आमच्या घाटावरील कातळच सांगतो. तेव्हा मिशनरी पंडिताने कृष्णाचा ख्रिस्त केला तर आम्ही कातळ दाखवावा, आणि आमच्यातील कोणी ख्रिस्ताचा कृष्ण केला तर मात्र टाळ्या वाजवाव्यात, हा न्याय कोठला?

ख्रिस्त हिंदुस्थानात आला होता, ह्या कथेचेही असेच. १८९४ साली नोतोविच नावाच्या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठात ख्रिस्ताच्या अज्ञातवासाची पोथी पाहिल्याचे जाहीर केले. आग्रा कॉलेजातील प्रोफेसर डग्लस १८९५ साली मुद्दाम त्या मठात गेले. तेथील मुख्य लामांनी अशी पोथी मठात नाही व असा कोणी पाहुणा आला नव्हता, असे स्पष्ट सांगितले. इतके होऊनही ती कथा मेली नाही. आज ती हातातील यंत्रांवरून घरोघर फिरत असते, आणि सुशिक्षित मंडळी ती एकमेकांस पाठवून आपला स्वाभिमान वाढल्याचे समाधान मानतात. दुसऱ्याचा महापुरुष आपला ठरविल्याने ज्या स्वाभिमानास टेकू लागतो, तो स्वाभिमान मुळातच डळमळीत आहे असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, हा सारा पंडितांचा खटाटोप. व्यवहारी माणसास याचे काय? आमचे उत्तर असे की, व्यवहार येथेच आहे. ‘तुमचा ख्रिस्त झालाच नाही’ हे वाक्य नगर जिल्ह्यात जो उच्चारतो, तो बहुधा ड्रेव्ज यांचा ग्रंथ वाचून उच्चारीत नाही. त्याच्या वाक्याचा खरा अर्थ निराळा असतो: तुमच्या आजोबाने फसून धर्म सोडला, तुम्ही खोट्याच्या मागे गेलात, तुमची पायरी तीच आहे. ज्या आजोबास गावच्या विहिरीवर पोहरा टाकू दिला जात नव्हता, ज्याच्या मुलास शाळेच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, त्याने टॅसिटस व योसेफस यांची साक्ष पाहून बाप्तिस्मा घेतला नाही. कोणी दुष्काळात मिळालेल्या भाकरीसाठी घेतला असेल, कोणी पाटीपेन्सिलीसाठी, कोणी मनुष्य म्हणून हाक ऐकू आली म्हणून. त्याने घर का सोडले हा प्रश्न ख्रिस्तास विचारण्याचा नाही, घराच्या धन्यास विचारण्याचा आहे.

हे आमच्या थोरांनी केव्हाच ओळखले होते. जोतीराव फुले यांनी नगरास फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यास येऊन स्वतः शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूस पश्चिमेकडील बळीराजा म्हणून गौरविले. त्यांस ख्रिस्त पाहिजे होता तो दीनांचा कैवारी म्हणून, जन्मपत्रिकेसाठी नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरास राहून जन्मभर ख्रिस्तास मराठी अभंगाचा पेहराव चढविला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. आणि लक्ष्मीबाई? पतीच्या धर्मांतराने संसार दुभंगला, त्या दुःखाची पाच वर्षे त्या माउलीने काढली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त पाहावे: जातिभेद हा मनुष्याने केलेला आहे, देवाने नव्हे, ही खात्री त्यांस आधी पटली, धर्मांतर त्यानंतरचे. ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या पुराव्याने तो निर्णय झाला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे ह्या घरगुती प्रश्नाने झाला.

म्हणून दोन्ही पक्षांस आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. ख्रिस्ती बंधूंनी चिकित्सेस भिऊ नये. जो पुरुष दोन हजार वर्षांच्या छाननीतून टिकला तो आणखी एका प्रश्नाने नाहीसा होत नाही. शिवाय ख्रिस्ताचे अस्तित्व सिद्ध करण्याहून त्यांच्यापुढे एक कठीण काम आहे. लग्न जुळविताना पूर्वीची जात विचारण्याची चाल ज्या मंडळींत अजून आहे, तेथे ख्रिस्त होऊन गेला होता की नाही ह्यापेक्षा तो आला आहे की नाही हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे. हिंदू बंधूंनी चिकित्सा अवश्य करावी. पण तिचा आरंभ घरापासून करावा आणि माप एकच ठेवावे. ज्या कसोटीवर ख्रिस्त घासावयाचा त्याच कसोटीवर आपले संत, आपल्या तीर्थांची माहात्म्ये, आपल्या कुळांच्या वंशावळी घासण्याची तयारी असेल, तर ती चिकित्सा. नसेल तर ती शिवी.

व्यापारी वर्गास तर हे अधिकच लागू आहे. खोटे वजन ठेवणाऱ्याचा माल प्रथम विकला जातो, पण पेठेतून त्याची पत उठते, आणि एकदा उठलेली पत पुन्हा बसत नाही. सत्याच्या पेठेतही तोच कायदा आहे. पुढील खेपेस बिलावर इसवी सन घालताना आमच्या वाचकाने इतकेच मनात आणावे की, हा आकडा ज्याच्या नावाचा आहे तो गालीलचा एक गरीब सुतार खरोखर होऊन गेला. त्याच्या नावाने चालणारी प्रत्येक गोष्ट मात्र खरी असेलच असे नाही. आणि त्याचे नाव घेणारा शेजारी हा दोन्ही बाबतीत आपल्याइतकाच विचार करण्यास समर्थ असलेला मनुष्य आहे. एवढे जुळले म्हणजे खाते बरोबर आले.